ओढणीचं दुसरं टोक धरणाऱ्या माझ्या रूममेटला

प्रिय रूममेट,

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डेंगी. फोनवर आईला धीर देता देता मी सांगत होते, ताप उतरला म्हणून गाफील राहू नकोस, खरं जपायचं ते त्यानंतरचे दोन दिवस. फोन ठेवला आणि रडू फुटलं. हे सगळं मला तुझ्यामुळे ठाऊक. इतक्या वर्षांत तुला धड ‘थँक्यू’ही म्हटलेलं नाही, म्हणून आज सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

आपला फ्लॅट आठवला की आधी हसूच येतं. चौघी, एक बाथरूम आणि 15 लिटरचा गीझर. पहिली दोघी आंघोळ करून निघाल्या की उरलेल्या दोघींनी दाराबाहेर बादल्या घेऊन भांडत उभं राहायचं. आणि तुझा तो गजर! पावणेसहाला वाजायचा. आम्ही तिघी उठायचो, भिंतीपलीकडच्या काकू उठायच्या, तू मात्र उशीत तोंड खुपसून गाढ. आवाज वाढावा म्हणून एकदा तू फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवलास. पातेलं थरथरत थरथरत टेबलावरून खाली आदळलं, पण तुझी कूस काही बदलली नाही. बाथरूमच्या छताला पाल चिकटली होती त्या दिवशी तू छत्री उघडून आंघोळ केलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, “पाणीही कमी लागलं.” आजही मी हे कुणाला सांगायला घेतलं की शेवटपर्यंत सांगता येत नाही.

फ्रिजवरचा कामांचा तक्ताही तुझाच. भांडी, केर, कचरा, बाथरूम, चार रंगांच्या स्केचपेनने आखलेला. तो आम्ही कुणी पाळला नाही, त्यातूनच ते निळ्या बादलीचं प्रकरण झालं. पाणी जाणार म्हणून भरून ठेवलेली बादली तशीच पडून राहिली. मग तिच्यावर चिठ्ठी आली, ‘ही बादली कुणाची?’ तिच्याखाली, ‘जिने भरली तिची.’ त्याखाली, ‘भरली होती सगळ्यांसाठी.’ हा पत्रव्यवहार आठ-दहा दिवस चालला आणि आपण त्यावर खूप हसलो. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण तेवढेच दिवस पुरतात आणि त्याला साठलेलं स्वच्छ पाणीच आवडतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं! मला चावलेला डास त्याच बादलीतला होता की नाही, कोण सांगणार. पण मला ती बादली विसरता येत नाही.

मला ताप भरला आणि रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी बाकीच्या दोघींनी बॅगा भरल्या. एक म्हणाली, “परीक्षा तोंडावर आहे गं, मला लागण झाली तर?” डेंगी शेजारी झोपल्याने होत नाही, डास चावल्याने होतो, हे तू तिला दोनदा समजावलंस. दुसरीने निघताना दारातूनच वीजबिलातला माझा वाटा मागितला. मला 103 ताप होता. मी उठून पर्स शोधली आणि पैसे दिले. ते दृश्य अजून टोचतं आणि ‘जाऊ दे, लहान होतो आपण’ असं म्हणून मला ते झाकायचं नाही. तूही त्यांच्याच वयाची होतीस. शिवाय चार्जरवरून भांडण होऊन आपण दोघी पंधरा दिवस एकमेकींशी बोलत नव्हतो.

डॉक्टर, गोळ्या, रांगा, ते सगळं तू कसं निभावलंस ते तुझं तुलाच ठाऊक. मला आठवते ती एकच रात्र. पाचव्या दिवशी ताप उतरला. मला हायसं वाटलं, तुला म्हटलं, “जा, झोप आता.” तू ढिम्म हलली नाहीस. ताप उतरल्यावरचे 24 ते 48 तासच धोक्याचे, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तू अक्षरशः पाठ केलं होतंस. पण तुला झोपेची भीती वाटत होती. स्वतःचा गजर तुला कधीच उठवू शकला नव्हता. म्हणून तू तुझी जुनी पिवळी ओढणी काढलीस, एक टोक माझ्या मनगटाला बांधलंस, दुसरं स्वतःच्या, आणि माझ्या पलंगालगत जमिनीवर आडवी झालीस.

मी नुसती कूस बदलली तरी तू ताडकन उठून बसायचीस. “काय झालं? पोट दुखतंय? आ कर, हिरड्या दाखव.” मोबाईलचा टॉर्च थेट माझ्या तोंडात. चौथ्या वेळी मला इतकं हसू आलं की तू आणखी घाबरलीस, हा अस्वस्थपणा तर नाही ना म्हणून. पहाटे मात्र खरंच पोटात कळ आली. मी हाक मारण्याआधीच ओढणीला हिसका बसला होता आणि तू चपला घालत होतीस.

हॉस्पिटलमधलं सांगत बसत नाही. वेळेवर पोचलो, एवढं पुरे.

आपली म्हणण्याजोगी माणसं नेहमी आपल्या गोटातलीच असतात असं नाही. कुणाची तरी झोप स्वतःच्या मनगटाला बांधून घेणारी माणसं आहेत, हे मला विसाव्या वर्षी बघायला मिळालं. तेव्हापासून कुणी आजारी आहे असं कळलं की मी ‘काही लागलं तर सांग’ म्हणत नाही, जाऊन बसते.

आता एक गोष्ट, जी मी आजवर बोलले नाही. तापाचे आकडे लिहायला तुला कागद मिळेना, म्हणून तू फ्रिजवरचा तक्ता काढून त्याच्या पाठीवर लिहीत होतीस. बरी झाल्यावर मी तो कागद उलटून पाहिला. बादलीच्या त्या आठवड्यात बाथरूमच्या रकान्यात हिरव्या स्केचपेनने माझं नाव होतं. तू तो कागद रोज दहादा हातात घेत होतीस. तुला ते दिसलं होतं. तू एका शब्दानेही बोलली नाहीस.

तुझी,
पलंगावरची