बॉयलर न विकणाऱ्या पाजींना

पाजी, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असूनही मुद्दाम मराठीत लिहितोय. लंडनच्या बाजूच्या स्लाउ-हाउन्स्लोकडच्या आपल्या मराठी घरांनी हे वाचावं, हा त्यातला स्वार्थ. तुम्हाला हिंदीत वाचून दाखवीनच.

तुमच्याआधी आलेल्या गृहस्थांनी घर तापवणाऱ्या आमच्या गॅसच्या बॉयलरकडे उभ्याउभ्याच एक नजर टाकली आणि "जुना झालाय, नवा बसवा" म्हणून मोकळे झाले. त्याच्या गरम पाण्यावर खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरना हातसुद्धा लावला नाही. वर हजारो पाउंडांचं कोटेशन! २०२२ पासून गॅसच्या बिलांनी इथे सगळ्यांचीच झोप उडवलेली. आम्ही सही करायच्या बेतात होतो.

तुम्ही आधी घरभर फिरलात. एकेक रेडिएटर वर-खाली चाचपून पाहिलात. वर गार लागला तर आत हवा, खाली गार लागला तर गाळ, हे मला तेव्हा कळलं. बॉयलर ठणठणीत निघाला. फक्त रेडिएटरकडे जाणारं पाणी कुणीतरी ८० अंशांवर लावून ठेवलं होतं, ते तुम्ही ६० वर आणलंत. फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तरच कंडेन्सिंग बॉयलरला धुरातल्या वाफेची उष्णता वापरता येते; एरवी ती नळीतून बाहेर, आणि पैसे आपले. इतक्या सर्व्हिसिंगा झाल्या, पण हे कोणी सांगेल तर शपथ! वरच्या खोल्या तापायच्या आणि खाली हॉलमध्ये आम्ही कुडकुडायचो, तेही वरचे व्हॉल्व्ह जरा जरा आवळून तुम्ही जमवलंत.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. समजावून सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. खुर्ची ओढून आईसमोर बसलात. "माताजी, दिनभर घर में तो आप रहती हैं।" बिलाच्या धास्तीने ती आमच्यामागे हीटिंग बंद करून, पायात मोजे, अंगावर शाल अशी बसायची. तुम्ही हसला नाहीत. थर्मोस्टॅट तिच्या हातात दिलात, २० अंश तिच्याकडूनच लावून घेतलेत. रेडिएटर आता चटका देणार नाही, कोमटच लागेल, जास्त वेळ चालेल, म्हणजे बिघडलाय असं समजू नका, हेही तिलाच सांगितलंत. तिच्या शंका संपेपर्यंत उठला नाहीत.

परक्या देशात कारागीर घरात आला की हा आपल्याला गंडवणार, असं आधीच धरून चालतो आम्ही. बहुतेकदा तसंच घडतं, हेही खरं. तुम्हाला बॉयलर खपवणं किती सोपं होतं! गिऱ्हाईक आपण होऊन मान पुढे करून उभं होतं.

आई आता हीटिंगला हात लावत नाही, आणि मलाही लावू देत नाही. "पाजींनी २० सांगितलंय," म्हणून दटावते.

गाळ काढून, तो चुंबकाने धरून ठेवणारा मॅग्नेटिक फिल्टर बसवायचं राहिलंय, थंडी पडायच्या आत येऊन जा. आणि या खेपेला पैसे पूर्ण घ्या.