ब्रेकलाईट कोण बघणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी गाडीची काय काय निगा राखावी, यावर आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. वायपर आले, टायरची नक्षी आली, ब्रेकचे लायनर आले. ब्रेकलाईटचा मात्र उल्लेखही नाही. मी चिपळुणात ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान चालवतो. गाडीत जे जे पेटते-विझते त्यावर माझे पोट आहे, म्हणून लिहितो.

हेडलाईट गेला की मालकाला त्याच रात्री कळते. ब्रेकलाईट गेल्याचे कळते ते मागच्याला, आणि कुंभार्ली घाटाच्या धुक्यात तर बंपरला बंपर टेकल्यावर.

माझ्याकडे जुन्या मारुती ८००, ओम्नी बऱ्याच येतात. मालकाची तक्रार ठरलेली : "बल्ब टिकत नाही हो, बदलून बदलून कंटाळलो." काढलेला बल्ब मी बॅटरीला लावून दाखवतो, बहुतेक वेळा तो ठणठणीत पेटतो. होते काय, नवा बल्ब दाबून फिरवताना होल्डर थोडा घासला जातो, तात्पुरता करंट मिळतो आणि श्रेय बल्बला जाते. चार पावसाच्या सरी पडल्या की पुन्हा अंधार.

मागच्या दिव्याची काच उघडली की खरे दुखणे दिसते. रबर कडक होऊन चिरलेले, आत पाण्याचा ओघळ, होल्डरच्या पितळेवर हिरवा कळंक आणि अर्थची, म्हणजे करंट बॉडीवाटे बॅटरीकडे परत नेणारी, वायर जिथे पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते तिथे गंजाचा पापुद्रा. या बल्बमध्ये दोन तारा असतात : ब्रेकची २१ वॅटची, टेललाईटची ५ वॅटची. दोघींना अर्थ एकच. तो तुटला की करंट दुसरी वाट शोधतो. मग ब्रेक दाबल्यावर लाईट उजळण्याऐवजी मंद होतो, नाहीतर इंडिकेटरबरोबर लुकलुकायला लागतो. असे दिसले तर बल्ब विकत घेऊच नका. वायरचा एक तुकडा घ्या, एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे बॉडीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी धरा. लाईट झळकला, तर अर्थ गेलाय. स्क्रू काढून पॉलिश पेपर मारायचा आणि पुन्हा घट्ट आवळायचा, एवढेच काम.

आमच्याकडे यात २२ जुलै २०२१च्या पुराची भर आहे. कितीतरी गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. नंतर इंजिने उघडली, सीट बदलल्या. डिकीच्या गालिच्याखालून जाणारी वायरिंग फार थोड्यांनी पाहिली. ती आता एकेक करून तोंड वर काढते आहे.

दोन्ही बाजूंचे ब्रेकलाईट एकदम गेले, तर आधी फ्यूज आणि मग पेडलच्या वरचा स्विच बघावा. पेडल सुटे असताना स्विचची दांडी आत दाबलेली असते, पाय दिला की ती बाहेर येते आणि लाईट लागतो. पेडलवर जिथे ही दांडी टेकते तिथल्या भोकात बऱ्याच गाड्यांत प्लॅस्टिकची किंवा रबरी गुंडी असते. वर्षांनी तिचा भुगा होतो, दांडी भोकातून आरपार जाते आणि ब्रेकलाईट कायमचा पेटलेला राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली. मालक बॅटरीवाल्याच्या नावाने बोटे मोडतो! ड्रायव्हरच्या पायाशी, चटईवर, प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर ते झाडून टाकण्याआधी मान वाकवून वर बघा.

ब्रेक लावताच मागे लाल दिवा लागलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. पण तपासतो कोण? खासगी गाडी आरटीओपुढे उभी राहते ती १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी. पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, मात्र बीएस-३ या धुराच्या जुन्या निकषाच्या आणि त्याआधीच्या गाड्या दर सहा महिन्यांनी जातात. तिथला माणूस सायलेन्सरमध्ये नळी खुपसायला गाडीच्या बरोब्बर मागे उकिडवा बसलेला असतो. "जरा ब्रेक दाबा हो," एवढे त्याने म्हटले की काम झाले. यासाठी ना मशीन लागते, ना जीआर.

ओळखीच्या एका पीयूसीवाल्याला हे सुचवून पाहिले. तो म्हणाला, "आमच्या कॉम्प्युटरमध्ये तसा रकाना नाही." रकाना नसू दे, तोंडी सांगायला काय हरकत आहे? परिवहन खात्याने पीयूसी केंद्रांना एवढी सूचना द्यावी आणि आपण ती छापून त्यांच्यापर्यंत पोचवावी, ही विनंती.

नाव छापू नये. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांशी रोजची ऊठबस आहे, आणि बल्ब तेही विकतात.

आपला,
एक वायरिंगवाला, चिपळूण