तालमीचे दिवसही मोजा

आंतरराष्ट्रीय संयुक्त नाट्य-नृत्य निर्मितींवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. असे प्रकल्प वाढायला हवेत, हे मान्य. पण किती देशांचे कलाकार एकत्र आले यावरून त्यांचे यश ठरवणे मला पटत नाही. एकत्र तालीम किती झाली आणि एकमेकांना विचारायला उसंत किती मिळाली, हे आधी पाहावे.

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांची १९७५ सालची ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ ही नृत्यरचना सेनेगलमधील एकोल दे साब्ल या नृत्यसंस्थेच्या सहभागाने पुन्हा उभी राहिली. आफ्रिकेतील १४ देशांचे नर्तक तिथे एकत्र राहून ती शिकले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे राजधानी डाकारमधला पहिला प्रयोग रद्द झाला, तेव्हा निरोपापूर्वी त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत अखेरची तालीम केली. तिचे चित्रीकरण पाहताना अंगावर काटा येतो. इतकी एकजीव हालचाल चार दिवसांच्या कार्यशाळेतून येत नाही.

खोन या थायलंडच्या पारंपरिक मुखवटा-नृत्यनाट्याचे नर्तक पिचेत क्लुनचुन आणि फ्रान्सचे नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी तर समोरासमोर खुर्च्यांवर बसून एकमेकांना प्रश्न विचारले आणि त्याचाच प्रयोग झाला. न समजलेलेही त्यांनी लपवले नाही.

अनुदान देणाऱ्या संस्था विमानप्रवास आणि पहिल्या प्रयोगाचा खर्च उचलतात, तसेच त्यांनी तालमीच्या काळातील मानधन आणि दुभाष्याचा खर्चही अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवावा.

– एक नाट्यप्रेमी वाचक