प्रेमकथा मेळाव्याला जाणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी प्रेमकथा वाचक-लेखक मेळाव्यासाठी आपण कोल्हापूरला जात आहोत. सकाळी ७ वाजता सांगली एसटी स्टँडवर जमावे. जयसिंगपूरकर वाटेत चढतील. महिलांना अर्धे तिकीट, ७५ च्या पुढच्यांना मोफत; आधार कार्ड विसरू नका. डबा आपापला.

दुपारच्या चर्चेत लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचा विषय निघणारच. या कथेवरून झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९६९ साली निर्दोष सोडले. कथा वाचून या, ऐकीव मते नकोत.

सहीसाठी स्वतःची प्रत आणावी, झेरॉक्स पुढे करू नये. आणि पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचणाऱ्यांनी (कोण ते सगळ्यांना माहीत आहे!) ते घरीच काढावे. नावे शुक्रवारपर्यंत कळवा.