नोटीस संध्याकाळी, सुनावणी सकाळी

संपादक महोदय,

‘ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) लागली की अटकपूर्व जामीन मिळतच नाही’ हे वाक्य टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ठासून ऐकायला मिळतं. मी न्यायालयात 31 वर्षं नोकरी केली, शेवटची 8 वर्षं या कायद्याच्या विशेष न्यायालयात. जामीन अर्जांचे गठ्ठे या हातांनी बांधलेत. जामीन मिळतो.

अटकपूर्व जामीन नाकारणाऱ्या कलम 18 चा अडसर कडक आहे, यात वाद नाही. पण फिर्यादीच्या मजकुरावरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर तो आड येत नाही. 2018 साली आलेलं, अटकेआधी चौकशी-मंजुरी लागत नाही असं सांगणारं कलम 18-अ वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 10 फेब्रुवारी 2020 रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात हे स्पष्ट केलं. (हे आपले माजी मुख्यमंत्री नव्हेत, एका वकीलसाहेबांनाही हे मला सांगावं लागलं होतं.)

म्हणून सगळी लढाई फिर्यादीच्या दोन-चार ओळींवर होते. जातिवाचक शिवीगाळ ‘लोकांसमक्ष’ झाली तरच या कायद्याखाली गुन्हा ठरते; मग ती कुठे झाली, कोणाच्या देखत झाली? चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झाली असेल तर ती ‘लोकांसमक्ष’ धरत नाहीत, असं 2020 च्याच हितेश वर्मा निकालात आहे. तेव्हापासून घराबाहेरच्या घटनासुद्धा युक्तिवादात घरात जाऊन बसतात. आमच्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी रद्द केला. घटना घरासमोर, कोणालाही दिसेल अशा जागी घडलेली होती, आणि जामिनाच्या टप्प्यावर पुरावा तोलत बसून छोटा खटला चालवायचा नसतो, हे त्यात बजावलं आहे.

बांधाच्या भांडणात जातीचं कलम घुसवलेलं मी पाहिलं नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेळा पाहिली ती क्रॉस कम्प्लेंट: इकडे ॲट्रॉसिटी नोंदली की दोन दिवसांत तिकडून फिर्यादीच्याच घरच्यांवर मारहाणीचा, नाहीतर थेट दरोड्याचा गुन्हा. त्याबद्दल टपरीवर कोणी आवाज चढवत नाही.

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. कलम 15-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडित व्यक्तीला वेळेत मिळाली पाहिजे आणि तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे. कागदावर नोटीस बजावलेली असतेच. एक ऊसतोड मजूर बाई माझ्या टेबलापाशी आली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. रेशनकार्डाच्या पिशवीत घडी केलेली नोटीस. आदल्या संध्याकाळी 7 वाजता हातात पडलेली, तारीख सकाळी 11 ची. फडावरून निघून दोन एसट्या बदलून आली होती. पुकारा होऊन गेला होता, आरोपीला अटकेपासून तात्पुरत्या (अंतरिम) संरक्षणाचा आदेश टाइपही झाला होता. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात. ती म्हणाली, ‘‘साहेब, माझं ऐकायचं राहिलं का?’’ पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून देण्यापलीकडे मी काही करू शकलो नाही.

आदेशाविरुद्ध कलम 14-अ खाली उच्च न्यायालयात अपील आहे, पण आमच्याकडून संभाजीनगर गाठायचं म्हणजे आणखी दोन मजुऱ्या बुडाल्या. याच कायद्याच्या नियमांतल्या नियम 11 प्रमाणे प्रवासभाडं आणि भत्ता मिळतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. 8 वर्षांत असे अर्ज माझ्यासमोर बोटांवर मोजण्याइतकेच आले.

जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतील. पोलिसांच्या बजावणी अहवालात तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी, आणि नोटीस सुनावणीच्या आधी 48 तासांच्या आत हातात पडली असेल तर फिर्यादी येईपर्यंत अर्ज पुढे ढकलावा. गठ्ठ्यात अर्जाच्या वरच तो अहवाल लावलेला असतो. पान उलटायचीही गरज नाही.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, धाराशिव जिल्हा