डोके घासलेल्या स्क्रूविषयी मित्रास पत्र

नाशिक,
१४ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पुढच्या उजव्या चाकाच्या डिस्कवरचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर पकडल्या जाणाऱ्या लोखंडी चकतीवरचा, एक स्क्रू निघाला, पण दुसऱ्याचे डोके घासून गुळगुळीत झाले आणि आता त्यावर छिन्नी चालवावी असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. नेमका हाच प्रसंग मागच्या महिन्यात माझ्यावर इथे इंदिरानगरला, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आला होता आणि त्यात माझे दोन रविवार गेले. छिन्नी तूर्त बाजूला ठेव आणि हे पत्र पूर्ण वाच.

माझ्या गाडीचे दुखणे कसारा घाटात लक्षात आले. मुंबईकडे उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचे. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की असे होते. नव्या डिस्क आणल्या, गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना दगड लावले, डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा कॅलिपर सोडवून तारेने टांगून ठेवला. इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. मग ते दोन चपट्या डोक्याचे स्क्रू समोर आले आणि मी घरातला नेहमीचा स्टार पेचकस लावून जोर केला. एकदा सटकला, मी पुन्हा लावला. दुसऱ्यांदा सटकला, तेव्हा खाचेच्या कडा चमकू लागल्या होत्या. तिसऱ्यांदा तिथे फक्त एक गोल वाटी उरली.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळले आणि तुझीही तीच झाली असावी. घरोघरी असतो तो २ नंबरचा पेचकस. या ६ मिलिमीटरच्या स्क्रूला ३ नंबरचा लागतो. २ नंबरचे टोक खाचेत बसल्यासारखे वाटते, पण ते तळाशी टेकलेले असते आणि बाजूच्या भिंतींना जेमतेम स्पर्श करत असते. त्यात या खाचेची मूळ घडणच अशी आहे की तिच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे पिळण्याचा जोर वाढला की त्याच भिंती पेचकसाला वर ढकलतात. अमेरिकेत १९३६ साली हेन्री फिलिप्स यांच्या नावाने या खाचेची पेटंटे निघाली आणि त्याच वर्षी ती कॅडिलॅक गाड्यांत वापरली जाऊ लागली. कारखान्यात पेचकस आपोआप खाचेच्या मध्यभागी बसतो, हा तिचा मोठा गुण; पण गंजलेला स्क्रू उलटा सोडवताना तो गुण काही कामाला येत नाही. जपानी बनावटीच्या स्क्रूंची खाच तर आणखी थोडी वेगळी असते. त्यांच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीकसा ठिपका कोरलेला दिसतो. तो दिसला तर त्याच मापाचे टोक मिळवावे, हे आपण स्कूटरच्या दिवसांत शिकलो असतो तर कार्बोरेटरचे कितीतरी स्क्रू वाचले असते.

आता हा स्क्रू एवढा घट्ट का बसतो, तेही सांगतो, कारण त्यावरच पुढचा उपाय ठरतो. त्याच्या चपट्या डोक्याची खालची बाजू शंकूसारखी उतरती असते आणि ती डिस्कमधल्या तशाच उतरत्या खळग्यात पाचरीसारखी रुतते. ब्रेक लावताना डिस्क शेकडो अंश तापते, नंतर निवते; पावसाळ्यात पाणी शिरते; आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्याने तो त्या फटीत ठासून बसतो. म्हणजे खरी अडचण आट्यांत कमी आणि डोक्याखाली जास्त असते. हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी समजावले. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे फिटर म्हणून काढली आहेत.

त्यांनी आधी गंज सोडवणारे तेल डोक्याच्या कडेने सोडून रात्रभर राहू द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. त्याच्या मागे हातोडीचा घाव घातला की टोक खाचेत आत दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरते, त्यामुळे सटकायला वाव राहत नाही. फिरण्याची दिशा सोडवण्याच्या बाजूला लावली आहे ना, हे घाव घालण्यापूर्वी तपासावे. उलटी राहिली तर आपणच स्क्रू आणखी आवळत बसतो. दुसऱ्या चाकाचे दोन्ही स्क्रू या अवजाराने चार-पाच घावांत निघाले. मी बिघडवलेला मात्र निघाला नाही. टोकाला पकड यावी म्हणून खाचेत व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट भरूनही पाहिली, पण टोकाला धरायला भिंतच उरली नव्हती. चपटे डोके डिस्कच्या पातळीत असल्यामुळे पकडीत सापडत नव्हते आणि हॅकसॉने नवी खाच पाडायलाही जागा नव्हती.

तेव्हा काका म्हणाले, "अरे, त्याला सोडवायचं कशाला? डोकं उडव."

मित्रा, या एका वाक्याने माझा सगळा गोंधळ मिटला. त्या स्क्रूचे काम फक्त चाक नसताना डिस्क जागेवर धरून ठेवण्याचे असते. चाक बसल्यावर डिस्कला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागावर, आवळून धरतात ते चाकाचे नट. डिस्क तर बदलायचीच होती, तेव्हा तिला ओरखडे पडण्याची भीती नव्हती. मी डोळ्यांवर चष्मा चढवला, वाटीच्या बरोबर मधोमध पंचाने खूण केली आणि आधी ३, मग ५ आणि शेवटी ७ मिलिमीटरचे ड्रिल हळू गतीने, थेंब थेंब तेल देत चालवले. ७ चे ड्रिल चार मिलिमीटरच्या आसपास आत गेले असेल, तोच आवाज बदलला. करकर थांबली, हलकासा टक झाला आणि डोक्याचे कडे ड्रिलवर अंगठीसारखे चढून गरगर फिरू लागले. मी ड्रिल मागे घेतले, तेव्हा ते कडे इतके गरम होते की बोट लावता येईना.

डिस्क तरीही हबला चिकटून होती. तुझ्याही डिस्कवर आटे पाडलेली दोन रिकामी भोके दिसतील. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळत गेले की ती आपोआप पुढे ढकलली जाते. डिस्क निघाली आणि मागे हबवर स्क्रूचा बुंधा अर्धा पेराएवढा उभा राहिला. मी तो पकडीत धरला आणि जोर लावण्याच्या तयारीने पाय रोवले, पण पहिल्याच पिळ्यात तो फिरला. उरलेले दोन-तीन वेढे मी बोटांनी सोडवले. दोन रविवार जो तसूभर हलला नव्हता, तो स्क्रू डोक्याखालची पाचर गेल्याबरोबर हातात आला. आटे स्वच्छ होते, हबमधले आटे टॅप मारून नव्याने पाडावेही लागले नाहीत. तो बुंधा मी अजून खणात जपून ठेवला आहे.

एक्स्ट्रॅक्टर नावाचे उलट्या आट्यांचे अवजार बाजारात मिळते, पण एवढ्या बारीक स्क्रूत ते वापरू नकोस असेच मी म्हणेन. ते फार कठीण पोलादाचे असते. आत तुटले तर त्यावर साधे ड्रिल चालत नाही आणि मग हबच उतरवावा लागतो. डोक्याला गॅसची ज्योत देण्याचा सल्लाही तुला कोणीतरी देईल. तिथे जवळच बेअरिंगचे ग्रीस, रबरी भाग आणि सेन्सरची वायर असते, म्हणून तोही टाळ.

नवे स्क्रू बसवताना आट्यांना आणि डोक्याच्या खालच्या बाजूला तांब्याचे ग्रीस अगदी पुसट लाव आणि पेचकसाने हाताला घट्ट लागेल एवढेच आवळ. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय ब्रेकचे पॅड जवळ आणू नकोस. ड्रिलचे तेल पॅडमध्ये मुरले तर ते पॅड टाकूनच द्यावे लागतात.

काकांचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ३ नंबरची दोन टोके, तिन्ही मापांची ड्रिल आणि चार नवे स्क्रू मी उद्या धुळ्याच्या एसटीने पार्सल करतो आहे. दुसऱ्या चाकाच्या स्क्रूंना ते मिळेपर्यंत हात लावू नकोस. ते अजून शाबूत आहेत आणि योग्य टोकाने नक्की निघतील. अवजार काकांना दिवाळीपूर्वी परत हवे आहे, तेव्हा काम झाले की वहिनींना आणि मुलांना घेऊन ते द्यायला तूच इकडे ये.

तुझाच,
नाशिककर मित्र