धुराडं राखलंत, माणसं कुठं गेली?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांना त्यांची मुंबईतली कापडगिरणी दाखवायला नेलं. तिथं आता हॉटेल आहे. फाटकावर विचारलं, "बुकिंग आहे का?" बाबा म्हणाले, "मी इथं चौदा वर्षं साचे चालवलेत." साचे म्हणजे कापड विणायचे माग. मागून गाडी आली म्हणून आम्हाला बाजूला केलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस वीस मिनिटं उन्हात उभा होता.

बाहेरून दिसलं तेवढं पाहिलं. करवतीच्या दातांसारखं छप्पर तसंच आहे. त्याच्या काचा उत्तरेकडे का, ते बाबांनी सांगितलं: ऊन थेट आत नको, पण दिवसभर एकसारखा उजेड हवा, म्हणजे तुटलेला धागा लगेच दिसतो. बिडाच्या खांबांना काळा रंग दिलाय, मधे जेवणाची टेबलं. "तिसऱ्या खांबापाशी माझे साचे," एवढंच म्हणाले.

इमारत पाडली नाही, हे चांगलंच झालं. पण तिथं राबलेल्या एकाही माणसाचं नाव भिंतीवर नाही. ते लावायला कुठला कायदा आडवा येतो?

आणि कायद्याचंच बोलायचं तर मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा घरांना, एक मोकळ्या जागेला मिळायचा होता. 2001 मध्ये तुम्हा लोकांनी तो बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारतीखालची वगळली. म्हणजे ज्या छपराखाली बाबांनी छातीत कापूस भरून घेतला, तेच छप्पर त्यांच्या घराच्या आड आलं! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. मग दाद मागायची कुणाकडे?

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या घरात आईचं मंगळसूत्र गेलं, मग तांब्याचा हंडा, मग माझ्या ताईची शाळा. ताई नववीत होती. तिने परळमध्ये लोकांची भांडी घासली. हे कुठल्या फायलीत आहे?

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. आमचाही आहे. दरवेळी सोडत निघते, बाबा चष्मा पुसून यादी बघतात. आता म्हणता मुंबईबाहेर, शेलू-वांगणीला जा. मुंबई ज्यांनी उभी केली त्यांना मुंबईत जागा नाही, हॉटेलला आहे. सरकारं बदलली, पक्ष बदलले, जमिनीचा हिशेब मात्र एकाच बाजूला झुकलेला राहिला.

मुंबईत घर द्या. राखलेल्या प्रत्येक गिरणीत कामगारांची नावं लावा, आणि म्हाताऱ्यांना आत जाऊन बघू द्या.

उत्तर बाबांच्या नावे पाठवा. अर्जावर पत्ता लालबागचा आहे. ती खोली कधीच गेली. आम्ही डोंबिवलीला राहतो.

एका साचेवाल्याचा मुलगा